काळ्या रेघेची थंडी

पंखा लावायचा की नाही यावरून घरात भांडणं सुरू झाली, की आमच्या थेरगावात थंडी आली असं समजायचं. परवा कंपनीच्या बसमधून डांगे चौकात उतरले तर हातगाडीवर हरभऱ्याच्या जुड्या, शेजारी बोरं, पेरू, आणि कुठूनतरी शेकोटीचा वास. माझ्या अंगात एकदम वारंच शिरलं. हरभरा घ्यायचा राहिला. घरी आले आणि पर्ससुद्धा खाली न ठेवता माळ्यावर चढले. थर्माकोल कुठंय? हीटर कुठंयत? जादाची वायर कुणी नेली? खालून सासूबाई ओरडल्या, "अगं, चहा तरी घे! पोटच्या पोराला कधी इतक्या घाईनं स्वेटर घातला नाहीस!"

खरं आहे ते. लोकांकडे थंडी येते ती बाजरीच्या भाकरीतून, हुरड्यातून, गाजराच्या हलव्यातून. माझ्याकडे ती काचेच्या टाक्यांतून येते. सकाळी काचेवर धुकं धरलं की बोटानं पुसायचं, आत डोकावायचं, हीटरचा लाल दिवा लागलाय का बघायचं. चाकणच्या बसमध्ये सगळ्या बायका कानाला स्कार्फ गुंडाळून डुलक्या घेत असतात आणि मी मनात माशांची तोंडं मोजत असते. यंदा तर मन सारखं मागच्या एका थंडीकडे पळतंय. दर वर्षी पळतं म्हणा.

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीत आहे. गाड्यांचे सुटे भाग माझ्या टेबलावर येतात. मापाच्या गेजमध्ये भाग नीट बसला तर हिरवा ट्रे, नाही बसला तर लाल ट्रे. मधला ट्रे नाही. "मॅडम, केसभर तर फरक आहे, सोडा ना," म्हणणारे रोज भेटतात आणि रोज माझ्याकडून ऐकून घेतात. स्वभावच तसा, काय करणार! मी वांगी निवडायला लागले की भाजीवाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड फिरवतो. अशा बाईला नाद लागला तर तोही तसलाच लागायचा.

माझा नाद म्हणजे आफ्रिकेतले सिक्लिड मासे. तिकडे मलावी नावाचं अफाट तळं आहे. त्यात खडकाखडकाला वेगळी जात, वेगळा रंग. तळ्याचं पाणी जड, क्षारांनी भरलेलं. आणि आमच्या सोसायटीचं बोअरचं पाणी कसं? दोन गिझर खाल्लेत त्यानं. नळांवर पांढरी पुटं, चहावर तवंग, माझ्या केसांचा पार खराटा झालाय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या पाण्यावरून दर वेळी हमरीतुमरी होते आणि एरवी सगळ्यात आधी तोंड उघडणारी मी खाली मान घालून गप्प बसते. कारण त्याच पाण्यात माझे मासे माहेरी आल्यासारखे फुलतात. हे सोसायटीत कुणाला सांगायची सोय नाही.

त्यातही माझा जीव यलो लॅबवर. हळदीत बुचकळून काढल्यासारखा पिवळा, पाठीवरच्या परावर या टोकापासून त्या टोकापर्यंत काजळाची रेघ, पोटाखालचे परही काळेभोर. इतका देखणा मासा आणि इतकी फसवाफसवी! बाजारात यलो लॅब म्हणून जे मिळतं, त्यात कितीदा तरी रेड झेब्रा नावाच्या केशरी माशाचं रक्त असतं. एका टाकीत राहिले की हे दोघं खुशाल सोयरीक करतात. मग पिल्लांच्या अंगावर पुसट पट्टे येतात, पिवळ्यात केशरी झाक येते, पाठीवरची रेघ मध्येच तुटते. दुकानदार म्हणतो, "ताई, पिवळाच तर आहे." अरे, पिवळा आहे, पण लॅब आहे का? मी असं विचारलं की तो पाणी बदलायला निघून जातो.

हे सगळं बघायला मला शिकवलं मुश्ताकभाईंनी. चिंचवडगावात त्यांचं दुचाकीचं गॅरेज. माझी स्कूटी तिथं दुरुस्तीला नेली तेव्हा मागच्या खोलीत डोकावले, आणि बाहेर यायचं विसरले. भिंतभर टाक्या, आणि त्यांत नुसतं सोनं पोहत होतं. वर्षानुवर्षं त्यांनी ती एकच नस्ल सांभाळली होती, दुसरा थेंब मिसळू न देता. त्यांची दोन तत्त्वं होती. एक, मासे विकायचे नाहीत, पारखून द्यायचे. "बी दोन घरांत असावं, ताई. एका घराचं गेलं तर दुसऱ्या घरी मागता येतं." असं म्हणून त्यांनी मला मूठभर पिल्लं दिली. आणि दुसरं, शंका आली तर त्या विणीतलं एकही पिल्लू घराबाहेर द्यायचं नाही. एक डागाळ निघालं तरी सगळी वीण बाद. माझ्या लाल ट्रेसारखंच हे. आमचं जमलं ते तिथंच.

त्यांच्या सगळ्या टाक्यांचं पाणी एकत्र फिरायचं. एकच फिल्टर, एकच मोठा हीटर. त्यांची स्वतःची जुळणी होती ती, फार अभिमान होता तिचा. एकदा ते सोलापूरला भाचीच्या निकाहाला गेले आणि इकडे तो हीटर अडकला, बंदच होईना. परत आले तेव्हा एकही मासा जिवंत नव्हता. मी भेटायला गेले तर मुश्ताकभाई कार्ब्युरेटर साफ करत बसले होते. वर बघितलं नाही. "बास झालं, ताई. आता फक्त गाड्या." त्यानंतर माशांचा विषय काढला की ते पाना शोधायला लागायचे. स्कूटी द्यायला घरी आले तरी दारातूनच किल्ली द्यायचे, हॉलमधल्या टाकीकडे पाठ करून. खळखळून हसणारा माणूस एवढा मिटला, की मला त्यांचाच राग यायचा.

आणि त्या थंडीत त्यांच्या नस्लीतले माझ्याकडे उरले होते दोनच मासे. एक नर, एक मादी. मला त्यांची पिल्लं हवी होती आणि ती नेऊन मुश्ताकभाईंच्या हातात ठेवायची होती. दुसरं काही नको होतं मला तेव्हा, बढतीसुद्धा नको होती.

मादी अंगानं हडकली होती. म्हणून तिला स्वयंपाकघरातल्या छोट्या टाकीत एकटी ठेवली, खाऊन-पिऊन धड होऊ दे म्हटलं. नर मधल्या खोलीत. हॉलमधल्या मोठ्या टाकीत शोभेची सगळी रंगीत गर्दी, आणि त्या गर्दीचा दादा म्हणजे एक रेड झेब्रा. आम्ही त्याला केशऱ्या म्हणायचो. दिसेल तिच्यामागे लागणारा, एक नंबरचा आगाऊ.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते हे शेंबडं पोरही सांगेल. सासूबाईंचं महालक्ष्मीचं व्रत. घट मांडलेला, विडा, फळं, संध्याकाळी सवाष्णी यायच्या होत्या. मी तळेगावला नणंदेकडे साखरपुड्याला गेलेली. जाताना बॅटरीवरचा हवेचा पंप हॉलच्या टाकीला लावून गेले, एकच होता. दुपारी सासूबाईंनी पाहिलं, छोट्या टाकीतले बुडबुडे बंद, आणि ती पिवळी कोपऱ्यात तोंड लावून बसलेली. त्यांना ते बघवेना. गुरुवारचा दिवस, घरात लक्ष्मी मांडलेली, आणि एक बाईमाणूस असं एकटं, हवेवाचून! त्यांनी पुरणाच्या चाळणीत तिला घेतलं आणि हॉलच्या टाकीत सोडून दिलं. वर हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना दाखवलंसुद्धा, "बघा, आता कशी रमलीय चारचौघांत."

मी संध्याकाळी आले तेव्हाही लाइट नव्हती. त्या हौसेनं सांगायला लागल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "आई! अहो, केशऱ्याच्या टाकीत?" मोबाइलच्या उजेडात जाळं फिरवलं, पिवळी हाताला लागली तशी नेऊन मधल्या खोलीत तिच्या नराजवळ सोडली. त्या अंधारात तिच्या तोंडाकडे कोण बघणार! सकाळी बघितलं तर हनुवटी टम्म फुगलेली. अंडी तोंडात!

या माशांची तऱ्हाच अशी. मादी अंडी घालते, लगेच तोंडात घेते आणि पिल्लं पोहायला लागेपर्यंत तिथंच सांभाळते. तोवर अन्नाचा कण गिळत नाही. एरवी मी आनंदानं नाचले असते. नाचलेही थोडी, खोटं कशाला बोलू! पण ही अंडी रात्री आपल्या नराबरोबर घातलेली, की दुपारी केशऱ्याबरोबर? सासूबाई म्हणाल्या, "संध्याकाळी मी कुरमुऱ्याएवढं खाणं टाकलं, तर खाल्लं बाई तिनं. म्हणजे तोवर तोंड रिकामंच होतं." मग म्हणाल्या, "का दुसरीनं खाल्लं?" झालं! जीव टांगणीला लागला तो लागलाच.

ते अडीच-तीन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. घरात दोन उपास चालले होते. गुरुवारी सासूबाईंचा आणि रोजचा पिवळीचा. मी डबा भरताना काचेतून बघायची. तिची हनुवटी अशी हलायची, जणू गूळ चघळतेय. नीट वाकून बघितलं की त्या पातळ कातडीतून आतले इवले डोळे दिसायचे, काळे ठिपकेच ठिपके. अख्खं बाळंतघर तोंडात घेऊन बाई शांतपणे फिरतेय! नवऱ्याला हाका मारमारून दाखवायची. तो सेकंड शिफ्टचा माणूस, अर्धवट झोपेत "वा, वा" म्हणून परत पांघरुणात.

एका सकाळी तिनं तोंड उघडलं. धुक्याचा वाफारा सोडावा तशी पिल्लं बाहेर आली, नखाएवढी, पांढुरकी. मी काचेजवळ हात नेला तर सगळी उलटी फिरली आणि सूंऽ करून आईच्या तोंडात परत. मी किंचाळलेच! सासूबाई पोळपाट टाकून धावत आल्या. पुन्हा तिनं सोडली, पुन्हा मी हात नेला, पुन्हा आत. आम्ही दोघी सासू-सुना टाकीसमोर फतकल मारून बसलो होतो आणि गॅसवर पोळीचा कोळसा झाला होता.

पिवळी मात्र त्यातून उठली नाही. इतक्या दिवसांचा उपास, मुळात अंगात काही नव्हतं. मी भिजवलेलं खाणं दिलं, पाणी बदललं, हीटर वाढवला. गेली. सासूबाई गॅलरीतल्या तुळशीपाशी पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मीही रडले. म्हणजे आता ही पिल्लं शेवटची. खरी निघाली तर मुश्ताकभाईंची नस्ल राहिली, मिसळीची निघाली तर कायमची गेली.

आणि हे समजायला वाटच बघायची. हेच मला जड गेलं. कंपनीत भाग गेजमध्ये घातला की तिथल्या तिथं निकाल. मासा आपला सावकाश, आपल्या सवडीनं सांगतो मी कोण ते, आणि थंडीत तर आणखीच सावकाश वाढतो. नाताळ गेला, पौष आला. पिल्लं पिवळसर व्हायला लागली. रेघ मात्र दिसेना. मी भिंग आणलं. नवरा म्हणाला, "आता गेज तेवढं लाव."

एकदा भाकरी थापता थापता सासूबाई म्हणाल्या, "मला एक सांग. तू ईदला मुश्ताकच्या घरी शीरखुर्मा खाऊन येतेस, आमच्या वेळी असलं नव्हतं, तरी मी काही बोलले का? मग माशांनीच तेवढी जातीत लग्नं करायची, होय?" मी हसून हसून खाली बसले. मग त्यांना म्हटलं, थेरगाव म्हणजे मराठवाडा, कोकण, बिहार, मावळ सगळं एका चौकात. त्या मिसळीवरच तर आमचं पोट चालतं. माणसं मिसळली तर माणूसच राहतात, आई. पण हा मासा मिसळला की त्याचा रंग पुसला जातो आणि परत काढता येत नाही. तिकडे तळ्यात त्यांच्यामध्ये मैलच्या मैल पसरलेलं खोल पाणी होतं. इथं आपण त्यांना उचलून एका काचेत कोंबलं, तर एवढी काळजी आपणच घ्यायला नको? "हं," म्हणाल्या, आणि भाकरी परतली. पटलं की नाही, कोण जाणे.

संक्रांतीला मुश्ताकभाई स्कूटी घेऊन दारात आले. सासूबाईंनी तिळगुळाच्या निमित्तानं हाताला धरून आत ओढलं. हॉलभर पिवळ्या दिव्यांची माळ सोडलेली. मी हॉलमध्ये आणून ठेवलेली पिल्लांची टाकी दाखवली. त्यांनी एकदाच पाहिलं, नीट वाकलेही नाहीत. "मिसळ आहे, ताई. केशरी मारतंय. ठेवू नका." तिळगूळ खिशात टाकला आणि जिना उतरून गेले.

संताप, संताप झाला माझा! त्यांच्यावर चिडले, सासूबाईंवर चिडले, केशऱ्याला दोन दिवस खाणं टाकताना शिव्या घातल्या. सासूबाई टाकीवरून जाताना दुसरीकडे बघायच्या. मग एका सकाळी कपाट आवरता आवरता, साडीची घडी हातात धरून, त्याच म्हणाल्या, "साडीचा रंग दुकानातल्या दिव्याखाली कुणी बघतं का गं? आपण दाराशी उन्हात नेतो की नाही?" मी कपाळावर हात मारला. अहो, कंपनीत रंगाची शेड बघायला आम्हाला पांढऱ्या उजेडाचा वेगळा कोपरा दिलाय, आणि मी त्या माणसाला पिवळ्या माळेखाली पिवळा मासा दाखवला! बरं, त्यांनाही हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण ज्याचं एकदा सगळं गेलं, तो 'हो' म्हणायला घाबरतो. 'नाही' म्हटलं की सुटला. मला तेव्हा त्यांची फार माया आली.

माघ लागला. एका पिल्लाच्या पाठीवर काहीतरी काळं दिसलं. कचरा असेल म्हणून मी काच पुसली. कचरा नव्हता. दोन-चार दिवसांत दुसऱ्याच्या पाठीवर, तिसऱ्याच्या. मी बसमध्ये शेजारणीला उठवून सांगितलं, ती बिचारी "अभिनंदन" म्हणाली, तिला वाटलं घरात कुणाला मूल झालं. मुश्ताकभाईंना फोन केला. "ताई, जाऊ द्या ना," म्हणाले आणि ठेवला.

मग सासूबाईच निघाल्या. गुडघे दुखतात म्हणून देवळात न जाणारी बाई रिक्षा करून चिंचवडला गेली आणि गॅरेजसमोर उभी राहिली. "मुश्ताक, चूक माझी आहे. तू एकदा उजेडात बघ आणि काय ते मला तोंडावर सांग. माझ्या घशाखाली घास उतरत नाही." सकाळच्या उन्हात, त्याच रिक्षातून, त्यांना घेऊनच आल्या.

गॅलरीत कोवळं ऊन पडलं होतं. मी लोणच्याची काचेची रिकामी बरणी घासूनपुसून पाण्यानं भरली. एकेक पिल्लू बरणीत घ्यायचं, उन्हाकडे धरायचं. मुश्ताकभाई उकिडवे बसले, चष्मा कपाळावर. पहिलं. पिवळं, लिंबाच्या सालीसारखं, केशरीचा मागमूस नाही. रेघ अखंड. "ओके," मी म्हटलं. दुसरं. ओके. तिसरं. ओके. सासूबाई दारात, हातात जपमाळ. प्रत्येक ओकेला एक मणी पुढे. मला धाप लागली होती, नुसतं बसल्या जागी!

शेवटचं पिल्लू हाती लागेना. जाळ्यातून सटकलं, पुन्हा सटकलं. बरणीत आलं तेव्हा पर मिटून तळाशी बसलं, आणि मिटल्या परावर रेघ मध्येच तुटलेली. एक डागाळ, तर सगळी वीण बाद. नियम त्यांचाच होता, आणि माझाही. मुश्ताकभाईंनी बरणी माझ्या हातातून घेतली. फिरवली. काचेत पिल्लाला स्वतःचंच रूप दिसलं. कोण हा परका, म्हणून ते फणकारलं आणि पाठीवरचा पर त्यानं ताडकन उभा केला. या टोकापासून त्या टोकापर्यंत, काळी कुळकुळीत, सलग.

"बघितलंत?" मी ओरडले. "बघितलंत का?"

मुश्ताकभाईंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. सासूबाई दाराच्या चौकटीला धरून खाली बसल्या आणि म्हणाल्या, "आता मी जेवते."

मुश्ताकभाईंनी बरणी कठड्यावर ठेवली, खिशातून फोन काढला आणि घरी लावला. त्यांच्या गॅरेजमधल्या टाक्या केव्हाच भंगारात गेल्या असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

"शबाना," ते बायकोला म्हणाले, "गच्चीपर की टंकियों का पुदिना उखाड डाल. हां, सब. अरे, चटणी का बाद में देखेंगे, पहले टंकियाँ खाली कर!"